कुरड्यांच्या पट्ट्यांवर उतरलेलं विमान

माझी मैत्रीण ठार बहिरी आहे. कानाशी फटाका फोडला तरी तिला नुसता धूर दिसेल. पोहा मिलमध्ये तिची उमर गेली आणि तिथल्या मशिनींनी तिचे कान खाल्ले. माणूस समोर असलं तर ती ओठ वाचते. मागे असलं तर तिच्यापुरतं ते माणूस नसतंच. म्हणून ती कोणाकडे पाठ करून बसत नाही. लग्नात जावो की दवाखान्यात, आधी भिंत शोधते आणि भिंतीला टेकते. साऱ्या दुनियेत ती फक्त माझ्याकडे पाठ करून बसायची. हे आधीच सांगून ठेवते. विमानाचं नंतर.

आम्ही दोघी जुन्या रायपुरातल्या गुढियारीच्या. तिचं माहेर वर्धेकडचं, माझं अमरावतीकडचं. ती बौद्ध, माझ्या घरात देव्हारा, पण आमच्या घरांमध्ये भिंत एकच होती. घरामागे रेल्वेचं यार्ड. बाजार यार्डाच्या पलीकडे आणि मालगाडी उभी राहिली की तासन् तास उभी. पुलावरून फेरा मारायला कोणाला वेळ होता? साऱ्या बाया डब्यांच्या खालून जायच्या. जाऊ नये हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्या जात होत्या. माझ्या सासूनं मला लग्नानंतर पहिली गोष्ट शिकवली ती स्वयंपाकाची नव्हे, ती ही : खाली असताना चाक हललं तर उठायचं नाही. पडून राहायचं, गाडी वरून जाऊ द्यायची. ज्या उठल्या त्या गेल्या. मी एक गेलेली पाहिली आहे. तिचं सांगत नाही.

मग आमच्या दोघींच्या मुलांना नव्या रायपुरात क्वार्टरं मिळाली, एकाच इमारतीत. मी वर, ती खाली. मुलं खूश. मला ते गाव अजून गाव वाटत नाही. रस्ते एवढे रुंद की पलीकडे हाक पोहोचत नाही, आणि पोहोचून करणार काय, पलीकडे माणूस नसतो. दिवसाढवळ्या रस्त्याचे दिवे जळत असतात. चौकातला सिग्नल लाल होतो, हिरवा होतो, पुन्हा लाल होतो, आणि चारही बाजूंना एक सायकलसुद्धा नसते. पहिल्या वर्षी मी खिडकीत बसून त्याच्याकडे बघायची. वाटायचं, त्याला कोणीतरी दिसत असेल, मलाच दिसत नाही.

आमच्या इमारतीमागे सिमेंटचा नवा रस्ता आहे. तो तेव्हा चालू झालेला नव्हता. एका टोकाला ड्रम आडवे लावलेले, दुसऱ्या टोकाला मातीचा ढीग. शेजारच्या खेड्यातली एक म्हातारी शेण वेचायला यायची. ती म्हणायची, इथं तरिया होता, म्हणजे तळं होतं, ते बुजवून रस्ता केला, पण तळं गेलं नाही, खालीच आहे. मी म्हटलं, असेल. दुपारच्या उन्हात तो रस्ता खरंच पाण्यासारखा दिसतो. लांबून पाहिलं तर पुढचा ढीग पाण्यात बुडालेला वाटतो.

आम्ही दोघी उन्हाळ्यात त्या रस्त्यावर कुरड्या घालायचो. गच्चीला कुलूप आणि चावी गार्डकडे, त्याच्या विनवण्या कोण करणार? आणि सिमेंटचा रस्ता गच्चीपेक्षा तापतो. सकाळी घातलेल्या कुरड्या दुपारी कडक. खाली अंथरायला जुन्या धोतरांच्या लांब पट्ट्या शिवल्या होत्या, पांढऱ्याफेक. त्या रस्त्याच्या लांबीनं अंथरायच्या, एकीच्या बाजूला एक, आणि मध्ये चालण्यापुरती जागा सोडायची. गव्हाचा चीक गरम असतो तोवरच सोऱ्यातून उतरतो, गार झाला की दगड. म्हणून जी कुरड्या घालते ती मान वर करत नाही. घालायची ती, कारण माझे गुडघे वाकत नाहीत. मी ढिगाकडच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला, प्लॅस्टिकच्या स्टुलावर छत्री घेऊन बसायची, कावळे हाकलायला, आणि पट्टीचं टोक हातात धरायची. हवेनं उडू नये म्हणून, आणि तिला बोलवायचं तर तेच आमचं बोलणं होतं. पट्टी ओढली की तिला पायाखाली कळायचं. तिची मान आखडलेली, नुसती वळत नाही. ती आधी गुडघ्यावर हात देऊन उभी राहायची, मग अख्खी वळायची, मग विचारायची, "काय वो?"

मी म्हणायची, "चहा."

"त्याच्यासाठी उठवलं मले? चीक थंडा होऊन राहिला न!"

असं चालायचं.

त्या दिवशी ऊन चांगलंच चढलं होतं. माना विमानतळ तिथून लांब नाही, त्यामुळे डोक्यावरून विमानं जाण्याची मला सवय होती. मोठी जातात, शिकाऊ पोरांची छोटीही जातात. छोट्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा असतो. तसाच एक आवाज येत होता. मग तो थांबला. लांब गेला असता तर हळूहळू कमी झाला असता. हा मधेच थांबला, कोणी बटण बंद करावं तसा.

कावळेही गप्प होते. हे मला नंतर आठवलं, की नंतर मी जोडलं, सांगता येत नाही.

मी ड्रमांकडे पाहिलं. त्या बाजूला रस्त्यावर उन्हाचं पाणी दिसत होतं आणि त्या पाण्यावर काहीतरी पांढरं खाली येत होतं. आवाज नाही. पंख ताणलेले, घार उतरते तसं, पण घार एवढी मोठी नसते. नाकावरचा पंखा उभा होता, लाईट गेल्यावर घरातला पंखा थांबतो तसा, एक पातं वर, एक खाली. ते ड्रमांच्या वरून आलं आणि रस्त्याला टेकलं. तेव्हा एकच आवाज झाला, खडू पाटीवर घासावा तसा. मग पुन्हा काही नाही, फक्त चाकं सिमेंटवर घरंगळल्याची बारीक घरघर. ते सरळ आमच्या पट्ट्यांकडे येत होतं.

मैत्रीण मध्ये बसली होती, तोंड विमानाच्या बाजूला पण मान खाली, माझ्याकडे पाठ करून. खाली वाकून सोऱ्या दाबत होती.

मी ओरडले नाही. कोणासाठी ओरडणार? आवाज नसलेल्या विमानापुढे मीही तिच्याएवढीच बहिरी होते. हातात पट्टीचं टोक होतं. ओढली असती तर ती नेहमीसारखी गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली असती. विमान अंगात ठेंगणं होतं, पंख खालून निघालेले. मी त्या पंखाची कड पाहिली आणि मला सासूचा आवाज आला. खरंच आला असं म्हणत नाही. सासूला जाऊन जमाना झाला. पण चाक हललं तर उठायचं नाही, हे मला त्या वेळी कोणी कानात सांगितल्यासारखं झालं.

मी पट्टी सोडून दिली. चुकूनही हिसका बसू नये म्हणून दोन्ही हात छातीशी धरले.

विमान तिच्या अंगावरून गेलं. चाक पट्टीच्या बाजूनं गेलं आणि पंख तिच्या डोक्यावरून. मला ती दिसेनाशी झाली. मग पंख पुढे सरकला आणि ती होती. तशीच वाकलेली. सावली पडली म्हणून तिनं सोऱ्या थांबवला, ढग आला का म्हणून डोळे तेवढे वर केले. वर स्वच्छ आकाश. तिनं पुन्हा सोऱ्या दाबायला घेतला.

मी कडेला होते, पंखाचं टोक माझ्याही बाजूनं गेलं. काचेतून एका माणसाचा चेहरा दिसला. तो समोर बघत होता, तोंड उघडं. पुढे जाऊन ते मातीच्या ढिगाआधी थांबलं. त्यानंतर जी शांतता झाली तशी मी पुन्हा ऐकली नाही. पायाखाली रस्ता, रस्त्याखाली ते बुजवलेलं तळं, आणि एक बाई कुरड्या घालत होती.

मी काठी टेकत विमानापर्यंत गेले. तो माणूस उतरून चाकाजवळ खाली बसला होता. तिशीपस्तिशीचा, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. त्याची पाठ रस्त्याकडे होती.

मला पाहून म्हणाला, "अम्मा, वो जो बैठी थी..."

"बैठी है।"

"मैंने देखा वो पंख के नीचे आ गयी। मैं पीछे नहीं देखूँगा।"

"मत देखो। वो बी नहीं देख रही।"

"ज़िंदा है?"

"कुरडी डाल रही है। चीक गरम है अभी।"

त्याला काही कळलं नाही. तो रडायला लागला. रडताना म्हणाला की इंजिन बंद पडलं, उतरायला जागा शोधत होता, वरून आमच्या पट्ट्या दिसल्या. विमानतळावर जिथून धावायची वाट सुरू होते तिथं म्हणे अशाच पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात, एकीच्या बाजूला एक. घाबरलेल्या डोळ्यांना तेच दिसलं. त्याला वाटलं, इथं उतरायची सोय केली आहे.

म्हणजे त्याला आम्हीच बोलावलं होतं. मी त्याला छत्री धरली.

इकडे मैत्रिणीचा चीक संपला. ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि वळली. तिच्यासमोर, जिथं मघाशी रिकामा रस्ता होता, तिथं विमान उभं होतं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिच्या त्या मोठ्या आवाजात ओरडली, "वहिनी, हे कवा आलं?"

मग सगळे आले. गार्ड आला, खेड्यातली माणसं आली, पोलीस आले, दोरी बांधली गेली. बिघाडाचे मिस्त्री यायला वेळ होता, म्हणून विमान तिथंच उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या नाकाला शेंदूर लावला. मग नारळ फुटले, उदबत्त्या लागल्या. शेण वेचणारी म्हातारी लांबूनच बघायची. मी विचारलं, "का होगे दाई, काय झालं, जवळ नाही जात?"

ती म्हणाली, "हव, नइ जावँ। तरिया मा उतरे हे।" म्हणजे, तळ्यात उतरलंय ते.

माझ्या सुनेनंही सुरू केलं. आमच्याकडे म्हणतात, लहान पोराचे कपडे उघड्यावर वाळत ठेवू नयेत, वरून पाखरू गेलं तर पोर झिजतं. सून म्हणाली, "एवढं मोठं पाखरू डोक्यावरून गेलं, मावशीचं काही उतरवून टाका." मी म्हटलं, ती पोर आहे का? पण रात्री मला झोप लागली नाही, हेही खरं.

मैत्रिणीला मात्र पाखराची पडली नव्हती. तिला गोष्ट दुसऱ्यांकडून कळली. गार्डनं गच्चीवरून पाहिलं होतं. त्यानं तिच्या मुलाला सांगितलं, मुलानं हातवारे करून तिला दाखवलं : तू इथं बसलेली, विमान असं वरून गेलं, आणि त्या काकू स्टुलावर बसून बघत होत्या. तिची सून माझ्या दारात येऊन म्हणाली, "आंटी, आपके हाथ में कपड़ा था ना? खींचा क्यों नहीं?"

मी म्हटलं, "तुझ्या सासूलेच पाठव."

ती आली. आत आली नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

"काहून ओढलं नाही तू?"

"ओढलं असतं तं तू उठली असती."

"उठलीच असती! पळाली असती!"

"कोणत्या पायानं? तू उठतपर्यंत चहा थंडा होते."

"तू भ्याली. तसं सांग न."

"भ्याली न. पण म्हणून नाही सोडलं. यार्डातलं आठव. चाक हललं तं उठायचं नाही."

तिनं माझे ओठ नीट वाचले. मग हळू आवाजात बोलली. ती हळू बोलते तेव्हा मला भीती वाटते, कारण तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि तो हळू करायला तिला आतून धरून ठेवावा लागतो.

"गाडीखाली माणूस आपल्या पायानं जाते, वहिनी. गाडी त्याले दिसते. हे माह्या डोक्यावरून गेलं. गार्डनं पाह्यलं, तू पाह्यलं, कावळ्यानं पाह्यलं. मलेच नाही माहीत."

ती गेली. त्यानंतर ती रस्त्यावर यायची थांबली. जिन्यात भेटली तर भिंतीला पाठ लावून मला आधी जाऊ द्यायची, जशी ती परक्यांना जाऊ देते. तेवढं मला पुरे झालं. गहू भिजवलेले होते ते मी गाईला घातले.

मग मिस्त्री आले, इंजिन खोललं, जोडलं. पण रस्त्यावरून उडवायची परवानगी कोणी देईना. ठरलं असं की ड्रम बाजूला करायचे आणि विमान रस्त्यानंच चालवत विमानतळाच्या मागच्या फाटकापर्यंत न्यायचं, पुढे पोलिसांची जीप. ज्या सकाळी नेणार होते त्या सकाळी सारी इमारत खाली आली. तो विमानवालाही आला होता. मैत्रीण तिच्या मुलाबरोबर उभी होती. कोणीतरी बोट दाखवलं आणि त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं. तो सरळ येऊन तिच्या पायाशी वाकला.

ती म्हणाली, "उठ, उठ. तू काय केलं? तुले बी कुठं दिसत होतं."

मग ती विमानाकडे चालायला लागली. पोलीस म्हणाला, "ए अम्मा, उधर नहीं।" तिला ऐकू येणार होतं का? विमानवाल्यानं पोलिसाला हातानं थांबवलं.

ती पंखाखाली गेली आणि बसली. कुरड्या घालताना बसते तशीच, एक पाय दुमडून, पुढे वाकून. हात सोऱ्या धरल्यासारखे. पंख तिच्या अंबाड्याच्या वर, मध्ये वीतभर जागा. ती तशी थोडा वेळ राहिली. मग तिनं गुडघ्यावर हात दिला, पंखाच्या पुढच्या बाजूला सरकली आणि उभी राहिली, पट्टी ओढल्यावर उठायची तेवढ्याच सावकाश. पंखाची कड तिच्या छातीला लागली.

पंखाच्या एका बाजूला तिचं डोकं, दुसऱ्या बाजूला मी. तिनं तळहात पंखावर ठेवले. पत्रा गार आहे की गरम ते बघावं तसे. मग ती पुन्हा खाली बसली, आणि या वेळी वाकली नाही. आखडलेली मान जेवढी मागे जाते तेवढी नेऊन पंखाची खालची बाजू बघत राहिली. मिस्त्री घड्याळ बघायला लागले. मी जवळ गेले, तिला माझे ओठ दिसतील अशी उभी राहिले.

ती म्हणाली, "ओढलं असतं तं मेली असती."

"हो."

"तरी ओढाले पाह्यजे होतं."

"काहून?"

"मेली असती तं पाहून मेली असती."

मी म्हटलं, "आणि मी कुरड्या कोणासंग घातल्या असत्या?"

"तुले कुरड्याचीच पडली आहे," ती म्हणाली, आणि मी पुढे केलेला हात धरून उठली.

विमान सुरू झालं तेव्हा एवढा आवाज झाला की सगळ्यांनी कान झाकले. तिनं नाही झाकले. तिनं पाय रस्त्यावर घट्ट रोवले आणि म्हणाली, "लागून राहिलं वो. खालून लागून राहिलं." विमान माणसाच्या चालीनं निघालं, जीपच्या मागे. वळणावरून चौकात गेलं. तिथं तो सिग्नल नेमका लाल झाला. बंदोबस्ताला चौकात ठेवलेल्या शिपायानं सवयीनं हात वर केला आणि विमान थांबलं. इतकी वर्षं कोणासाठी लाल होत होता कोण जाणे, त्या दिवशी कोणीतरी थांबलं. मग हिरवा झाला आणि ते गेलं. लोक हसत होते. मला हसू आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यातही रस्ता बंदच होता. आम्ही पुन्हा कुरड्या घातल्या. मी पांढऱ्या पट्ट्या काढून टाकल्या आणि जुन्या रंगीत साड्या फाडून शिवल्या, हिरव्या, जांभळ्या, फुलाफुलांच्या. वरून बघणाऱ्याला काही समजू नये. मैत्रीण आता तिरपी बसते. एक डोळा सोऱ्यावर, एक डोळा माझ्यावर. कंबर दुखते त्यानं, पण बसते. मी तिला सरळ बस म्हणत नाही.

कधी कधी चीक फार गरम असतो आणि हात भराभर चालवावे लागतात. तेव्हा ती विसरते. हळूहळू वळते आणि तिची पाठ माझ्याकडे होते. मी कावळ्यांकडे बघत नाही मग. वर बघते. विमानाचा आवाज येत असला तर मला बरं वाटतं. येत नसला तर पट्टीचं टोक हातात घेऊन बसते, आणि ओढायचं की सोडायचं हे अजून ठरलेलं नसतं.